"कथानक तुटले": इटालियनची पुस्तकं निवडायच्या नोंदी

६ जानेवारी

सुरुवात कुठनं झाली ते आधी लिहून ठेवते, नाहीतर चार महिन्यांनी मलाच कळायचं नाही की टॉवेलच्या कारखान्यातल्या प्लॅनिंगच्या बाईला वयाच्या ४४व्या वर्षी इटालियनचं खूळ का लागलं. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमच्या शेडमधे डिसेंबरात दोन सेकंडहँड रॅपिअर माग आले, इटलीचे. विकणारा म्हणला होता मॅन्युअल इंग्रजीत आहे, पेटी उघडली तर सगळं इटालियन, वरनं तेलाचे डाग. स्क्रीनपण इटालियन, भाषा बदलायला गेलं की पासवर्ड मागतोय आणि तो पासवर्ड कुणाकडंच नाही. साहेब म्हणले मोबाईलनं फोटो काढा, ट्रान्सलेट करा, त्यात काय एवढं. केलं. माग थांबला, स्क्रीनवर "रोत्तुरा त्रामा" आलं आणि फोननं मराठीत दाखवलं "कथानक तुटले". पुढच्या पानावर "द्राक्षाची वेल घट्ट आवळा". आता आपल्या जिल्ह्यात द्राक्षं चिक्कार आहेत, पण मागात कुठनं येणार ओ.

घरी आल्यावर डिक्शनरीत बघत बसले. त्रामा म्हणजे बाणा, आडवा धागा, आणि गोष्टीचं कथानक त्यालापण त्रामाच. वीते म्हणजे स्क्रू आणि वीते म्हणजे वेलसुद्धा. पाना पाहिजे असेल तर "क्यावे इंग्लेझे", शब्दशः इंग्रजी किल्ली. मला लई मजा आली, रात्रीचे साडेअकरा वाजले तरी उठवेना.

ठरवलं. बजेट तीन हजार, वेळ रोज चाळीस मिनिटं, आणि जानेवारी संपायच्या आत पुस्तक फायनल.

१० जानेवारी

चार दिवसांत काय केलं तर नुसतं गोळा केलं. फोनमधे सहा ॲप, पीडीएफचा ढीग, यूट्यूबवर "नंतर बघू"मधे ३८ व्हिडिओ, आणि शिकलेले शब्द किती तर अकरा, त्यातले तीन पिझ्झावाल्यामुळं आधीच येत होते. डुओलिंगो या ॲपवर इटालियन आहे, ते इंग्रजीतनं करायला घेतलं. करायला बरं वाटतं, त्यातलं घुबड शाबासकी देतं, पण दहा मिनिटांत माझ्या लक्षात आलं की मी इटालियनपेक्षा इंग्रजी वाक्य बरोबर लावण्यात डोकं घालतीये, "the" राहिला म्हणून चूक.

नवी पेठेतनं एक "तीस दिवसांत" टाईपचं पुस्तक पण आणलं, नाव नाही लिहीत. त्यात ग्रात्स्येला "ग्राझी" आणि ब्रुस्केत्ताला "ब्रुशेटा" लिहिलंय. इटालियनमधे सी-एचचा उच्चार क होतो, एवढं तर मला चौथ्या दिवशी कळलेलं. परत घ्यायला दुकानदार तयार नाही. १८० रुपये गेले. आता त्यावर चहाचा कप ठेवते.

१५ जानेवारी

गड्डा, म्हणजे आमची सिद्धेश्वराची जत्रा. अभ्यास शून्य. भाची पुण्याहनं आलीये, पाळणे, भेळ, धूळ, पाय मोडले. एक मात्र सुचलं, "गड्डा" शब्दातला डबल ड आपण कसा दाबून म्हणतो, तो सोडून "गडा" म्हणून बघा, कुणाला कळायचं नाही कुठं निघालात. इटालियनमधे हेच सगळीकडं आहे. पाला म्हणजे फावडं, पाल्ला म्हणजे चेंडू. नोनो म्हणजे नववा, नोन्नो म्हणजे आजोबा. आणि वय सांगताना "आन्नी"तला एक न खाल्ला तर वर्षांचं भलतंच काहीतरी होतं, ते इथं लिहीत नाही, भाचीला सांगितलं तर रस्त्यात खाली बसून हसली.

१९ जानेवारी

आज उच्चारांचं पान घेऊन बसले, आणि मला वाटतं या प्रकल्पातलं सगळ्यात मोठं घबाड आज सापडलं.

इंग्रजीतनं लिहिलेल्या पुस्तकांत पहिली दहा पानं उच्चारात जातात. टी-डी कसे म्हणायचे तर जीभ दाताला लावा, इंग्रजीसारखं नको, चित्र काढून दाखवलंय. अरे, तो आपला साधा त आणि द आहे! तुत्तो, दोमानी. आपण इंग्रजीतनं वाचतो म्हणून "टुट्टो, डोमानी" करून ठेवतो, आणि मग सुधारायला बसतो. पिझ्झामधला झेड-झेड समजवायला ते "cats" शब्दाचं शेपूट दाखवतात. मराठी माणसाला सांगायचं तर "कच्चा" म्हण, त्यातला च्च, चमच्याचा च, चिवड्याचा नाही. झालं. पित्सा म्हणा नाहीतर पिच्चा लिहा, पण च कच्च्यातला. तेच झेड कधीकधी जोड्यातल्या ज सारखा लागतो, जेवणातला ज नाही, जोड्यातला. "द्झेरो" म्हणजे शून्य. कुठं च आणि कुठं ज हे स्पेलिंगवरनं कळत नाही, डिक्शनरी बघावी लागते. पण तसं बघितलं तर मराठीत च कुठला ते तरी कुठं लिहिलेलं असतं, आपणपण ऐकूनच शिकलो.

जी-एन म्हणजे न्य, म्हणून लासान्या, आणि आपण हॉटेलात "लसाग्ना" मागतो. जी-एल-आय म्हणजे ल्य. एच कधीच बोलायचा नाही.

तर वहीत सगळं देवनागरीत लिहायचं ठरवलं. एकच अडचण, जोर कुठल्या अक्षरावर ते देवनागरीत दिसत नाही, आणि इटालियनमधे लिहितानापण फक्त शेवटच्या अक्षरावर असेल तरच खूण देतात. "कापितो" हा एकच शब्द, का वर जोर दिला तर "मी येऊन टपकतो", पि वर दिला तर "समजलं", आणि तो वर दिला तर "घडलं". म्हणून वहीत जोराच्या अक्षराखाली लाल रेघ. आणि पुस्तक निवडायची पहिली अट आज लिहिली: नव्या शब्दावर जोराची खूण पाहिजे किंवा ऑडिओ पाहिजे, दोन्ही नसेल तर ते पुस्तक फुकट दिलं तरी नको.

२ फेब्रुवारी

जानेवारी संपला. पुस्तक फायनल नाही. असो.

भाचीनं तिच्या मैत्रिणीकडनं दोन पुस्तकं बघायला आणून दिली, हुतात्मा एक्सप्रेसनं येताना बॅगेत टाकून, एक "नुओवो एस्प्रेसो"चा पहिला भाग, फ्लॉरेन्सच्या आल्मा एदित्सिओनीचं, आणि एक "नुओविस्सिमो प्रोजेत्तो इतालियानो", एदिलिंग्वाचं. एस्प्रेसो उघडलं की पहिल्या पानापासनं सगळं इटालियन, सूचनासुद्धा. माझे तर हातपाय गळाले. प्रोजेत्तोची इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी वेगळी आवृत्ती पण निघते, भाचीनं तीच आणलेली, त्यात बाजूला इंग्रजीत मदत आहे, व्याकरण जास्त व्यवस्थित मांडलंय, मला पहिल्या दिवशी तेच आवडलं.

दोन्ही आठवडाभर ठेवून घेतली.

एक गोष्ट सेकंडहँड घेणाऱ्यांनी बघाच, काही कोर्सच्या पुस्तकांत आत ऑनलाईन ऑडिओसाठी कोड असतो आणि तो एकदाच चालतो, आधीच्यानं वापरला असेल तर आपल्याला नुसता कागद. दुसरं, उत्तरं मागं छापलेली आहेत का. वर्गासाठीच्या पुस्तकांत कधीकधी उत्तरं शिक्षकाच्या वेगळ्या पुस्तकात असतात, आणि आमच्याकडं शिक्षक कुठंय, सोलापुरात तेलुगू, कन्नड, उर्दू सगळं शिकवणारा मिळेल हो, इटालियनचा अजून मला तरी सापडला नाही.

१४ फेब्रुवारी

आजची नोंद लांब होणार, चहा घेऊन बसलीये.

इंग्रजीतनं शिकवणाऱ्या एका साईटवर "प्याचेरे" या क्रियापदाला पूर्ण धडा, वर इशारा की हे अवघड आहे, घाबरू नका. इंग्रजीत आय लाईक कॉफी, पण इटालियनमधे कॉफी ही कर्ता आणि मी बाजूला, म्हणून वाक्य उलटं करा, "कॉफी इज प्लीझिंग टू मी" असा विचार करा, मग क्रियापद कॉफीप्रमाणं चालवा. मी तीनदा वाचलं. मला कळेना यात अवघड काय आहे. आणि मग डोक्यात ट्यूब पेटली.

मी प्याचे इल काफ्फे. मला कॉफी आवडते. मी म्हणजे मला, प्याचे म्हणजे आवडते. कॉफी एक आहे म्हणून प्याचे, अनेक गोष्टी असतील तर मी प्याच्योनो, मला भाकऱ्या आवडतात. शब्दाला शब्द! आणि एवढंच नाही, मी सेर्वे म्हणजे मला लागतंय, मी सेंब्रा म्हणजे मला वाटतंय, मी दिस्प्याचे म्हणजे मला वाईट वाटतंय. हे सगळं "मला"चं कुटुंब आपल्याकडं आहेच. म्हणजे मी मराठीतनं इंग्रजीत गेले, तिथं वाक्य उलटं केलं, आणि इटालियनमधे पोचल्यावर परत सुलटं केलं. मधला दलाल दोन्हीकडनं कमिशन खातोय, बाजारात असलं आपण चालवून घेतो का?

तेव्हापासनं मी दोन्ही पुस्तकं वेगळ्या नजरेनं बघायला लागले. इंग्रजीतली मदत जिथं जास्त, तिथं मला कमी मदत होतीये. विशेषण नामाप्रमाणं बदलतं हे समजवायला दीड पान, आपल्याकडं पांढरा टॉवेल, पांढरी चादर, पांढरे टॉवेल, हे पोर दोन वर्षाचं असल्यापासनं बोलतं, आणि आपल्याकडं लिंगं तीन, त्यांच्याकडं दोनच. मी-तू-तो सोडून नुसतं क्रियापद बोललं तरी चालतं, "जेवलीस का?" यात तू कुठं म्हणतो आपण. आदरानं बोलायचं तर वेगळा शब्द, लेइ, आपल्या तुम्हीसारखा, फक्त त्याचं क्रियापद "ती"चं लागतं, हे विचित्र आहे, साहेबांशी बोलताना "ती आली का?" म्हणल्यासारखं वाटतं.

तर फायनल: नुओवो एस्प्रेसो, पहिला भाग. कारण त्यात इंग्रजी नाही. इटालियन वाक्याखाली मी पेन्सिलनं सरळ मराठी लिहिणार. वाईट पुस्तक म्हणून प्रोजेत्तो सोडलं नाही, मला त्याची इंग्रजी कडा नको होती एवढंच. ज्याला व्याकरण आधी आणि गप्पा नंतर पाहिजेत त्यानं तेच घ्यावं, माझ्या भावाला मी तेच सांगेन.

१७ फेब्रुवारी

ऑर्डर टाकली. बजेटमधे बसलं, कसंबसं.

३ मार्च

लई हुशारी केली की माती खायची वेळ येते.

भूतकाळ आला, पास्सातो प्रोस्सिमो. सोनो आंदाता, मी गेले. भावानं म्हणायचं तर सोनो आंदातो, मी गेलो. डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं, इतकं आपलं. मग आलं खाण्याचं. मराठीत मी बाई असले काय नि बुवा असले काय, पोळी खाल्ली आणि भात खाल्ला, क्रियापद कर्माप्रमाणं. मी धडाधड लिहीत सुटले, "ओ मांजाता ला मेला", सफरचंद खाल्लं, मेला स्त्रीलिंगी म्हणून मांजाता. उत्तरं बघितली तर सगळी चूक. तिथं "ओ मांजातो ला मेला", कर्म काही का असेना मांजातोच. पण कर्माच्या जागी "ते, ती" घालून आधी आणलं की मग "लो मांजाता", खाल्ली! म्हणजे पोळीचं काय केलंस विचारल्यावर "खाल्ली" असं उत्तर दिलं तर मराठीचा नियम लागू, आणि पूर्ण वाक्य बोललं तर नाही. (हे लो म्हणजे ला आणि ओ एकत्र, एच गिळून.) आता पक्कं बसलं, चूक केली म्हणून.

आणि आपली मराठी अजिबात कामाला येत नाही अशी जागा म्हणजे आर्टिकल. इल, लो, ला, ल, ई, ल्यि, ले. सात! पुल्लिंगी असलं तरी एस आणि पुढं व्यंजन असेल तर इल नाही, लो, म्हणून लो स्तुदेंते. झेडला पण लो. वर आणखी दि, आ, दा, इन, सु हे त्या आर्टिकलला चिकटतात, देल, आल, दाल, नेल, सुल. आपण प्रत्यय मागं लावतो, मागात, मागावर, हे पुढं लावून वर आर्टिकलशी लग्न लावतात. उरल्यासुरल्या पैशात फक्त याच दोन गोष्टींच्या सरावाचं एक वर्कबुक घेतलं, मागं उत्तरं असलेलं. बाकी व्याकरणाचं जाड पुस्तक नाही घेतलं, मला जिथं लागतंय तिथंच पैसे.

२० मार्च

शब्द कुठले पाठ करायचे याच्यावर दोन आठवडे घोळ. ॲपमधे "कासव सफरचंद खातं" छाप वाक्यं, त्याचं मला काय.

शोधताना तुल्लियो दे माउरो या भाषातज्ज्ञाचं नाव सापडलं. त्यांनी १९८० साली इटालियनच्या मूळ शब्दांची यादी केली, साधारण सात हजार, आणि त्यातले गाभ्यातले दोन हजार वेगळे काढले. २०१६ साली नवीन यादी आली, ती नेटवर फुकट मिळते. माझ्यासारखीला दोन हजारच बास. रोज दहा घेते, अँकी या कार्डांच्या ॲपमधे टाकते, एका बाजूला इटालियन नि आवाज, दुसऱ्या बाजूला मराठी. इंग्रजी कुठंच नाही. दुसऱ्यांनी केलेले तयार कार्डांचे गठ्ठे डाऊनलोड करू नका, टाईप करतानाच निम्मं बसतं.

त्या दोन हजारांत माग नाही सापडायचा, म्हणून मॅन्युअलमधनं वेगळी यादी: तेलायो माग, ओर्दितो ताणा म्हणजे उभा धागा, त्रामा बाणा, सुब्ब्यो बीम, पेत्त्सो दि रिकांब्यो स्पेअर पार्ट, स्पुन्या म्हणजे आपलं टेरी, टॉवेलचं कापड. फोन त्याला स्पंज म्हणत होता, तो अर्थ पण आहेच. टॉवेल म्हणजे आशुगामानो, हात पुसणारा. एकूण १४० झाले.

ही यादी रात्रपाळीच्या आमच्या ऑपरेटर मामांना वाचून दाखवली. ते पूर्व भागातले, घरी तेलुगू. म्हणले, "मॅडम, हे तर आमच्यासारखंच बोलतेत की ओ, शब्द शेवटी उघडा सोडतेत." खरंच, तेलायो, ओर्दितो, त्रामा, सगळं स्वरानं संपतंय. तेलुगूला पूर्वेची इटालियन म्हणतात हे मी कुठंतरी वाचलं होतं, मामांना सांगितलं तर म्हणले, "मग ती पश्चिमेची तेलुगू म्हणा." मामांचा "रोत्तुरा" माझ्यापेक्षा चांगला, डबल त असा काय दाबतात.

६ एप्रिल

ऊन ४२च्या वर. दुपारी काही डोक्यात शिरत नाही, सकाळी साडेपाचला बसते.

कानाचं काय करायचं हा प्रश्न होता. लँग्वेज ट्रान्सफर नावाच्या कोर्सचं फुकट ऑडिओ ऐकलं, ते इंग्रजीतनं आहे, म्हणजे माझा नियम मोडला, पण माणूस पाठ करायला लावत नाही, विचार करायला लावतो, आणि इंग्रजीतले शेवटी "-tion" असलेले शब्द त्स्योनेवाले करून शेकडो शब्द हातात देतो, इन्फॉर्मेशन म्हणजे इन्फोर्मात्स्योने, सगळे स्त्रीलिंगी. एवढ्यापुरता दलाल चालेल. पॉडकास्ट तीन ऐकले, दोघांत अर्धा वेळ इंग्रजीत गप्पा, काढून टाकले.

खरं घबाड दुसरंच. राई या तिकडच्या सरकारी टीव्हीवर १९६० ते १९६८ एक कार्यक्रम लागायचा, "नोन ए माइ त्रोप्पो तार्दी", म्हणजे कधीच फार उशीर झालेला नसतो. आल्बेर्तो मान्त्सी नावाचे मास्तर, लिहितावाचता न येणाऱ्या मोठ्या माणसांना शिकवायचे, मोठ्या कागदावर कोळशानं चित्रं काढत. क्लिपा नेटवर आहेत. मास्तर इतके हळू, स्वच्छ बोलतात, आणि चित्र काढत असतात त्यामुळं शब्द नाही कळला तरी गाढव दिसतंच. शेजारच्या वैनी येऊन बसल्या एकदा, त्यांना काहीच येत नाही इटालियन, पण शेवटी त्यांनी तीन शब्द बरोबर सांगितले.

त्या वेळी तिथं टीव्हीवर अक्षरं का शिकवत होते तर घरोघरी बोली वेगळ्या. १८६१ साली इटली एक झाली तेव्हा इटालियन बोलणारे फार तर अडीच टक्के असतील असा त्याच दे माउरोंचा अंदाज आहे. घरी एक, शाळेत एक, बाजारात तिसरी, हे सोलापूरकराला काय सांगायचं.

२५ एप्रिल

चूक नंबर दोन हजार. पिनोक्यो वाचायला घेतलं. लहान मुलांचं, १८८३ सालचं, नेटवर फुकट, म्हणलं सोपं असणार. पहिल्या पानापासनं असली क्रियापदं की माझ्या पुस्तकात कुठंच नाहीत, तो गोष्टीतला भूतकाळ वेगळाच असतो, पास्सातो रेमोतो, आणि माझ्या पुस्तकात अजून आलेलाच नाही. मुलांचं पुस्तक म्हणजे नवशिक्याचं पुस्तक नव्हे, मुलाला भाषा आधीच येत असते ना. कपाटात ठेवलं नाही, फोनमधेच आहे, पुढच्या वर्षी.

त्याऐवजी आता काय वाचते तर सूचना. मॅन्युअलमधे "हात लावू नये", "बटण दाबावे" टाईपची वाक्यं मूळ क्रियापदातच असतात, नोन तोक्कारे, प्रेमेरे, रूपं चालवायची भानगडच नाही. नवशिक्याला यापेक्षा सोपं वाचन नाही आणि ते माझ्याकडं फुकट, तेलाच्या डागांसकट.

९ मे

ॲपांची साफसफाई. सहा होती, राहिली दोन: अँकी, आणि डिक्शनरी म्हणून वर्डरेफरन्स, तिथं जोराची खूण असते. घुबड काढलं, दोन दिवस नोटिफिकेशनची आठवण आली. कपाटात एस्प्रेसो, वर्कबुक, देवनागरी वही. भाची विचारत होती परीक्षा देणार का, सिएनाची चिल्स, पेरुजाची चेली, दान्ते अलिगिएरी सोसायटीची प्लिदा. मला सर्टिफिकेट कशाला, पण चिल्स आणि चेलीचे जुने पेपर फुकट बघायला मिळतात, ए-१ चा, म्हणजे सगळ्यात खालच्या पातळीचा, एक सोडवला. ऐकण्यात मार खाल्ला, वाचण्यात बरी.

१६ मे

रात्री पावणेदोनला मामांचा फोन. "मॅडम, नवीन लिहून आलंय, फोटो पाठवू का?" म्हणलं वाचून दाखवा. मामांना इंग्रजी अक्षरं लावून वाचता येतात, एकेक करून वाचलं, "मा-न-का... ओ-लि-ओ." मान्का ओल्यो. मान्कारे, कमी असणं, मला तुझी उणीव भासते म्हणताना तेच क्रियापद, एस्प्रेसोत ते अजून यायचंय पण मान्त्सी मास्तरांच्या कुठल्यातरी क्लिपमधे ऐकलेलं. म्हणलं मामा, तेल संपलंय, तेल घाला. "तेल होय! मग तेवढं मराठीत लिहायला काय झालं त्याला," म्हणले, आणि फोन ठेवला.

सकाळी वहीत १४१वा शब्द.